त्रेपन्न तांब्याची नाणी आणि एक दोकडा : एका डब्याचं प्रकरण

हे प्रकरण आमच्या ओळखीतल्या एका घरातलं आहे, नावं गावं देत नाही, घरच्यांची परवानगी घेतलीय पण त्यांची अट एकच होती की कोणाला घर ओळखता येऊ नये. मी स्वतः पंचवीसएक वर्षं तांब्याची नाणी जमवतो, मुख्यतः संस्थानांची, व्यापारी नाही आणि तज्ञ तर मुळीच नाही हे या लिखाणात पुढे कळेलच. यात एक चूक माझीच आहे आणि खरं सांगायचं तर तीच सगळ्यात कामाची गोष्ट आहे म्हणून एवढं लांबण लावतोय.

पार्श्वभूमी

पुण्यातला पेठेतला जुना वाडा, रिडेव्हलपमेंटला चाललेला. माळा रिकामा करताना एक पितळी डबा सापडला, झाकणाला कडी, आत जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेली तांब्याची नाणी. घरात काकू, वय एक्क्याऐंशी, त्यांचा थोरला मुलगा म्हणजे दादा, नाशिकची ताई आणि धाकटा भाऊ न्यू जर्सीला. डबा काकूंच्या आजेसासऱ्यांचा हे नक्की, कारण झाकणावर त्यांचं नाव कोरलेलं होतं. ते बडोदा सरकारात कारकून होते एवढंच घरात माहिती. बडोद्याला, इंदूरला, ग्वाल्हेरला, देवासला, धारला नोकरीला गेलेली मराठी घरं किती आहेत हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको, कोणाच्याही पणजोबांपर्यंत गेलं की एखादं संस्थान निघतंच.

दादाने मला फोन केला तोवर दोन गोष्टी होऊन गेल्या होत्या. एक म्हणजे वहिनींनी तीन नाणी चिंच आणि मीठ लावून घासली होती, ती नवीन घागरीसारखी लालबुंद चमकत होती. दुसरं म्हणजे भाच्याने मोबाईलवर कुठलातरी व्हिडिओ बघून जाहीर केलं होतं की यातली पाच नाणी शिवाजी महाराजांच्या काळातली आहेत आणि एकेकाला पाच लाख येतात, फक्त आधी रजिस्ट्रेशनचे काहीतरी पैसे भरायचे आहेत. पैसे भरायच्या आधी दादाने फोन केला ही देवाची कृपा. असल्या ऑफर्सना फसू नका असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर पत्रक काढून सांगितलेलं आहे, बँकेचं नाव वापरून लोक जुन्या नाण्यांच्या नावाखाली फी, कमिशन, टॅक्स मागतात म्हणून. ते पत्रक भाच्याला पाठवलं तेव्हा तो गप्प बसला, पण पाच लाखाचा आकडा घरात एकदा शिरला की तो सहजासहजी बाहेर जात नाही.

अडचण काय होती

वरवर बघता प्रश्न साधा, ही नाणी कुठली. पण घरातल्या प्रत्येकाचा प्रश्न वेगळा होता. भाच्याला किंमत हवी होती. दादाला भीती होती की सरकार येऊन घेऊन जाईल का. न्यू जर्सीच्या भावाला त्याच्या वाटणीची नाणी येताना घेऊन जायची होती, फ्रेम करून भिंतीवर लावायला. आणि काकूंना फक्त हे जाणून घ्यायचं होतं की सासूबाईंनी हा डबा एवढी वर्षं जपला का, कारण त्या बाई कशालाच जपणाऱ्या नव्हत्या म्हणे, सोन्याचं सुद्धा विकून मोकळ्या व्हायच्या.

नाण्यांची स्थिती बरीच वाईट. खालची सातआठ एकमेकांना हिरव्या किटाने चिकटलेली. निम्मी हाताने पाडलेली, म्हणजे ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे एका नाण्यावर मजकुराचा जेमतेम तिसरा हिस्सा उमटतो. संस्थानी तांब्याचं नाणं ओळखताना नवख्या माणसाची गोची इथेच होते, तो पूर्ण वाक्य शोधत बसतो आणि नाण्यावर असतो फक्त शेपटाचा तुकडा.

पर्याय

पहिल्याच बैठकीत चार पर्याय टेबलावर आले. ओळखीच्या एका व्यापाऱ्याला सगळा लॉट एकगठ्ठा देऊन टाकायचा, त्याने न बघता फोनवर एक आकडा सांगितलाही होता. दुसरा पर्याय, तिघा भावंडांत सरळ वाटून टाकायची. तिसरा, एखाद्या संग्रहालयाला द्यायची, ताईचं मत तेच. चौथा माझा, की आधी ओळखू, यादी करू, फोटो काढू आणि मग काय ते ठरवा, घाई कसलीय, शंभर वर्षं माळ्यावर होतीच की.

व्यापाऱ्याचा पर्याय तसा वाईट नव्हता, उगाच कोणाला चोर म्हणायची मला सवय नाही. पण एकगठ्ठा विकलं की नाणी सुटी होतात, बडोद्याची बडोद्यावाल्याकडे, शिवराई शिवराईवाल्याकडे, आणि ती एकाच डब्यात होती ही गोष्ट कायमची पुसली जाते. सुट्या तांब्याच्या पैशाला बाजारात फार मोल नसतं. एकत्र असण्याला मात्र असतं, निदान घरच्यांसाठी तरी.

वाटणीचा पर्याय कायद्याने अडला. १९७२ चा पुरावशेष कायदा आहे, त्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं हे पुरावशेष धरलं जातं आणि ते खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, मग ते आजोबांचं असो की विकत घेतलेलं असो. न्यू जर्सीच्या भावाला हे पटायला दोन व्हिडिओ कॉल लागले. त्याचं म्हणणं एक पैसा तर आहे, कोण बघतंय. मी म्हटलं बाबा रे एअरपोर्टवर एक्सरे मशीन बघतं. दादाची भीती मात्र निराधार होती. तो १८७८ च्या निखात निधी कायद्याला घाबरत होता, पण तो जमिनीत पुरलेलं किंवा जमिनीला धरून असलेलं, मालक माहीत नसलेलं धन सापडलं तर लागू होतो, दहा रुपयाच्या वर किंमत असेल तर कलेक्टरला कळवायचं असतं. इथे डबा माळ्यावर, झाकणावर मालकाचं नाव, वारस समोर बसून चहा पितायत. त्याला म्हटलं हेच जर वाड्याच्या पायातून निघालं असतं तर गोष्ट वेगळी होती.

शेवटी चौथा पर्याय ठरला, पण काकूंच्या एका अटीवर, नाणी घराबाहेर जाणार नाहीत. म्हणजे मीच दर रविवारी त्यांच्याकडे. याचा एक फायदा असा झाला की काकू समोर बसून बोलत राहिल्या आणि त्या बोलण्यातूनच शेवटी एक धागा लागला.

काय केलं

पहिलं काम घासणं बंद. वहिनींना वाईट वाटलं पण सांगणं भाग होतं. तांब्यावर वर्षानुवर्षं चढलेला तो तपकिरी काळपट थर म्हणजे घाण नव्हे, तो नाण्याची कातडी आहे, चिंचेने कातडी गेली की अक्षरांच्या कडा पण जातात आणि संग्राहक अशा नाण्याला हातही लावत नाही. बाकीची नाणी डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवली, रोज पाणी बदललं, मऊ ब्रश आणि लाकडी टूथपिक एवढंच वापरलं. चिकटलेली नाणी सुटायला अकरा दिवस लागले. दोन नाण्यांवर फिकट हिरवी भुसभुशीत पावडर येत होती, ती वेगळ्या पाकिटात, कारण तो रोग शेजारच्या नाण्याला लागू शकतो.

मग प्रत्येकाला नंबर, सोनाराच्या छोट्या काट्यावर वजन, व्यास, लोहचुंबकाला चिकटतं का, आणि दोन्ही बाजूंचे फोटो. फोटोला वरून प्रकाश टाकायचा नाही, टॉर्च टेबलाला समांतर आडवी धरायची म्हणजे झिजलेल्या अक्षराची सावली पडते. ज्या अक्षराला डोळा फसतो त्याला पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल फिरवायची, लहानपणी आपण रुपयावर करायचो तसंच.

सोपी नाणी पहिल्या रविवारीच वेगळी झाली. चौदा ब्रिटिश इंडियाचे पाव आणे, संस्थानी नाहीतच. तेरा मशीनवर पाडलेली बडोद्याची, तिसऱ्या सयाजीरावांची, ती तर शाळेतलं पोरगं ओळखेल, नागरीत गायकवाडांचं नाव, मध्ये घोड्याचा खूर आणि तलवार, मागे वेलीच्या चक्रात पैसा किंवा दोन पैसे आणि संवत. एकावर संवत १९४८ स्वच्छ वाचता आला, त्यातून सत्तावन्न वजा केले की १८९१. दोन हैदराबादची, निजामाच्या नावाचा तो गुंतवळ्यासारखा तुघरा, म्हणजे सहीसारखी गुंफलेली अक्षरं असलेली, मराठवाड्यात प्रत्येक जुन्या घरात सापडतात. एक देवासचं, १८८८ चं, व्हिक्टोरिया राणीच्या मुखवट्याचं. त्यावर ब्रिटिश इंडिया समजून नव्वद टक्के लोक फसतात, कारण देवास, धार, बिकानेर, सैलाना अशा काही संस्थानांनी आपली नाणी कलकत्त्याच्या सरकारी टांकसाळीतून पाडून घेतली, पुढे राणी किंवा राजा इंग्लंडचा आणि फक्त मागे संस्थानाचं नाव, त्यामुळे पाठ उलटून वाचली नाही तर संपलं. देवासची तर गंमत अशी की गाव एक आणि गाद्या दोन, थोरली पाती धाकटी पाती, दोघींची नाणी वेगळी.

भाच्याची ती पाच लाखवाली पाच म्हणजे शिवराई. श्री राजा शिव एका बाजूला, छत्रपति दुसऱ्या बाजूला, एवढं वाचून त्याचा ऊर भरून आला होता आणि त्यात त्याचं चूक नाही, माझाही पहिल्यांदा आला होता. पण मजकुरात महाराजांचं नाव असलं म्हणजे नाणं त्यांच्या काळातलं असं नसतं. शिवराई त्यांच्यानंतर सव्वाशे दीडशे वर्षं पाडली जात होती, पेशवाईत तर ढिगाने, आणि चलनात एकोणिसाव्या शतकातही होती. आपल्या पाचातली चार दुदांडी निघाली, म्हणजे मजकुराच्या ओळींच्या मध्ये दोन समांतर रेघा असलेली, ती उत्तरकालीन. पाचवं इतकं झिजलेलं की त्यावर काही बोलणं बरोबर नाही. भाचा म्हणाला मग किती येतील. मी म्हटलं पाचांचे मिळून घरच्यांना एक चांगलं जेवण होईल, थाळी साधी घेतली तर.

हाताने पाडलेली बडोद्याची सहा. यात मजा आली. तिथे फारसी मजकुराच्या गर्दीत मध्येच नागरी अक्षरं बसवलेली असतात, राजाच्या नावाचं आद्याक्षर आणि पुढे गायकवाडांचा गा, सोबत वाकडी तलवार. ख असेल तर खंडेराव, म असेल तर मल्हारराव, ग असेल तर गणपतराव. तीन खंडेरावांची, म्हणजे १८५६ ते १८७० मधली, दोन मल्हाररावांची, एकाचं अक्षर कापलं गेलेलं. मल्हाररावांची कारकीर्द पाचच वर्षांची, दरबारातला इंग्रज रेसिडेंट कर्नल फेर याला विष घातल्याचा आरोप त्यांच्यावर आला आणि १८७५ मध्ये इंग्रजांनी गादीवरून काढलं. काकूंना ही गोष्ट सासऱ्यांकडून ऐकून माहिती होती, फक्त त्यांच्या गोष्टीत विष पेरूच्या सरबतात होतं की पपनसाच्या यावर त्यांचा आणि ताईचा वाद झाला आणि त्या रविवारी पुढे काम झालं नाही.

माझी चूक

उरली बारा. त्यातलं एक कच्छचं मशीनचं, एका बाजूला नागरीत खेंगारजींचं नाव, दुसऱ्या बाजूला फारसीत व्हिक्टोरिया. ते मी बाजूला ठेवलं, म्हटलं येतं एखादं वाट चुकून, बाजारात कोणाच्या सुट्या पैशात आलं असेल. हा पहिला इशारा होता आणि मी तो सोडून दिला.

मग चार नाणी एकसारखी. जाडजूड, वेडीवाकडी, फारसी मजकूर, तोही असा गिचमिड की कोरणाऱ्याला फारसी येत नव्हती हे उघड दिसतं. चारांतलं सगळ्यात चांगलं नाणं, नंबर एकेचाळीस, मी घेऊन बसलो. त्यावर साल होतं. फारसी अंक ज्यांना येत नाहीत त्यांच्यासाठी, आपल्याला ओळखीचा वाटणारा इंग्रजी नऊसारखा नऊ, मग इंग्रजी व्ही म्हणजे सात, आणि उलटा व्ही म्हणजे आठ. ९७८. हिजरी सालाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवायचे, आले १५७० आणि वर थोडं. आणि मजकुरात मुजफ्फर शाह जुळत होतं. गुजरातचा शेवटचा सुलतान तिसरा मुजफ्फर, १५६१ ला गादीवर आला आणि १५७२-७३ ला अकबराने गुजरात घेतलं. साल बसतंय, राजा बसतोय, प्रांत बसतोय, बडोदा गुजरातमध्येच आहे. अजून काय हवं?

मी दादाला तिथल्या तिथे सांगून टाकलं की ही चार नाणी साडेचारशे वर्षं जुनी आहेत, गुजरात सल्तनतीची. घरात सण झाला. काकूंनी साखर ठेवली हातावर. भाच्याने परत मोबाईल काढला.

रात्री झोप येईना. एक गोष्ट टोचत होती, बाकीची एकूणएक नाणी एकोणिसाव्या शतकाच्या आसपासची, शिवराई धरून, आणि ही चारच तीनशे वर्षं आधीची कशी. कारकुनाच्या डब्यात त्याच्या खिशातलं येतं, तो काही संग्राहक नव्हता. दुसरी गोष्ट, सल्तनतीची नाणी मी प्रदर्शनात हाताळलेली आहेत, त्यावरचं फारसी सुबक असतं, सराईत हाताचं, आणि इथे अक्षरांची नुसती नक्कल होती, जसं न कळणाऱ्या माणसाने चित्र बघून काढावं.

पुढच्या रविवारी मी चारही नाण्यांचे फोटो एकाच आकारात प्रिंट करून नेले, ट्रेसिंग पेपरवर उतरवले आणि एकमेकांवर ठेवून फिरवत बसलो. ठसा सगळ्यांचा एकाच जातीचा पण प्रत्येक नाण्यावर वेगळा तुकडा उमटलेला, म्हणजे चार तुकडे जोडले की मूळ ठशाचा बराचसा भाग तयार होतो. आणि नंबर चव्वेचाळीस, चारातलं सगळ्यात भिकार, वहिनींनी चिंचेने घासलेल्या तिनातलं एक, त्याच्या काठावर फारसीत न बसणारी रेघ होती. शिरोरेघ. नाणं एकशेवीस अंश फिरवलं तर श्री. आणि श्रीच्या पुढे जा आणि एक कापलेला म. श्री जाम.

तिथे डोक्यात दिवा लागला. काठेवाड, म्हणजे आजचं सौराष्ट्र. नवानगर, आजचं जामनगर, तिथल्या राजाला जाम म्हणतात. काठेवाड कच्छातल्या या संस्थानांनी मुजफ्फरच्या नाण्याची नक्कल चालू ठेवली, राजा गेला, सल्तनत गेली, मुघल आले आणि गेले, तरी नाण्यावर तेच नाव आणि तेच ९७८. साल गोठलेलं. लोकांना ते नाणं ओळखीचं म्हणून विश्वासाचं, मग बदलायचं कशाला. कोणाचं ते कळावं म्हणून फक्त नागरीत खूण, नवानगरचं श्री जाम, पोरबंदरचं श्री राणा, कच्छचं राउ श्री आणि पुढे राजाचं नाव. तिथल्या चांदीच्या नाण्याला कोरी म्हणत, त्या कोऱ्यांना म्हणूनच जामशाही, राणाशाही अशी नावं पडली. जाम विभाजी १८५२ ते १८९५ गादीवर होते, त्यांच्या काळापर्यंत ही ९७८ वाली मंडळी चालू होती. म्हणजे आपली नाणी साडेचारशे नाही तर दीडदोनशे वर्षांची. दोकडे. काठेवाड कच्छातलं तांब्याचं हलक्या किमतीचं नाणं म्हणजे दोकडा.

म्हणजे साल वाचता येणं हाच माझा घात झाला. साल न दिसणारी नाणी मी खूण, वजन, घडण बघून नीट ओळखली आणि जिथे साल दिसलं तिथे बाकी सगळं बघायचं सोडून दिलं. आणि चारातलं चांगलं नाणं निवडून त्याच्यावरच निकाल दिला, वास्तविक पुरावा भिकार नाण्याच्या काठावर होता. त्यातून ते चिंचेने घासलेलं, अजून दोन मिनिटं वहिनींचा हात चालला असता तर श्री पण गेला असता.

दादाला सांगायचं की नाही हा खरा निर्णयाचा क्षण. विकायची नव्हती, कोणाचं नुकसान नव्हतं, सगळे खूश होते, आणि साखर खाऊन झाली होती. तरी सांगितलं, कारण तोवर भावाने न्यू जर्सीत चार लोकांना सांगितलं होतं आणि उद्या कोणी जाणकार भेटला की काकूंच्या घराण्याचं हसं व्हायचं. दादाचा चेहरा पडला. भाचा म्हणाला काका तुम्ही पण त्या व्हिडिओवाल्यासारखेच निघालात. ऐकून घेतलं. हिशेब बरोबर होता त्याचा.

दोकडा

काकू मात्र शब्दाला अडकल्या. काय म्हणालास, दोकडा? आणि हसायला लागल्या. त्यांच्या सासूबाई रागावल्या की म्हणायच्या, एका दोकड्याची अक्कल नाही मेल्याला. पोरांना वाटायचं डोकं वरून काहीतरी बनवलेला शब्द आहे, दोकडं म्हणजे छोटं डोकं, आणि घरात अजूनही एखाद्याला लाडाने दोकड्या म्हणतात. दादा स्वतः लहानपणी दोकड्या होता.

मग मी विचारलं घरात काठेवाडचं अजून काय आहे. देव्हाऱ्यात गोपीचंदनाचा जुना गोळा होता, द्वारकेचा, आणि आजेसासऱ्यांनी द्वारकेची यात्रा केली होती अशी घरात ऐकीव गोष्ट. इथे बडोद्याचा नकाशा कामाला आला. बडोदा संस्थान एकसंध नव्हतं, तुकड्यातुकड्यात होतं, बडोदा, कडी, नवसारी आणि पार काठेवाडात अमरेली, त्याशिवाय टोकाला ओखामंडळ, ज्यात द्वारका येते. म्हणजे द्वारका ही गायकवाडांचीच, आणि तिच्या शेजारी नवानगरचा मुलूख, समोर खाडीपलीकडे कच्छ. बडोद्याच्या कारकुनाची बदली अमरेलीला किंवा ओखामंडळात होणं ही अगदी सरळ गोष्ट होती. चार जामचे दोकडे आणि ते मी बाजूला टाकलेलं कच्छचं नाणं, पाचही त्याच बाजूची.

यातून बदली सिद्ध होते का? नाही. यात्रेकरूच्या कमरेच्या पिशवीत पण पाच नाणी येऊ शकतात, आणि दोकडा शब्द बडोद्यातही गुजराती शेजारणीकडून घरात शिरला असेल. हे मी दोनदा सांगितलं. पण दोन गोष्टी यात्रेच्या विरुद्ध जातात असं मला वाटतं. एक, शिवी तोंडात बसायला आठ दिवसांची यात्रा पुरत नाही, तिथे भाजी आणावी लागते. दुसरी, ती चारही नाणी डब्यात एकत्र, तळाला, वेगळ्या चिंधीत होती, आणि हे मला वहिनींनी तिसऱ्या रविवारी सांगितलं, कारण डबा उघडला तेव्हा त्यांनीच ती चिंधी सोडून फेकून दिली होती.

परत केलं तर काय वेगळं करेन

पहिलं हेच, डबा कसा उघडला हे विचारेन, नाणी बघायच्या आधी. कुठलं कशावर होतं, कशात बांधलेलं, सोबत कागद होता का. मी सरळ नाण्यांवर झडप घातली आणि चिंधीची बातमी तीन आठवडे उशिरा मिळाली, ती चिंधी बघायला मिळाली असती तर कापड तरी कुठलं ते कळलं असतं.

दुसरं, वाचलेलं साल आणि पाडलेलं साल एकच असं धरून चालणार नाही. आता मी साल सगळ्यात शेवटी बघतो. आधी घडण, हाताचं की मशीनचं, मग वजन आणि एकसारख्या नाण्यांची वजनं आपसात जुळतात का, मग खुणा, मग नागरीचा कुठेही तुकडा, नाणं पूर्ण फिरवून, आणि मग साल. आपल्याकडे गेलेल्या बादशहाच्या नावाने नाणी पाडत राहणं ही काठेवाडापुरती गोष्ट नाही, कितीतरी संस्थानं शाह आलमच्या नावाने तो गेल्यावरही पाडत होती.

तिसरं, ओळख सांगताना आकडा सांगायचा नाही. मला वाटतं, असू शकेल, अजून दोन आठवडे द्या, असं म्हटलं असतं तर साखर वाचली असती. झेनोसारख्या वेबसाइटवर एकाच प्रकाराची दहादहा नाणी शेजारी बघायला मिळतात, त्या रात्री तिथे आधी गेलो असतो तर दहा मिनिटांचं काम होतं. न्युमिस्टा पण बरी आहे, पण हाताने पाडलेल्या नाण्याला एकाच छान फोटोवरून जुळवायला गेलं की परत माझ्यासारखंच व्हायचं.

व्यापाऱ्याकडून निदान एक मत घ्यायला हवं होतं का? हो, आता वाटतं घ्यायला हवं होतं. मला ते कमीपणाचं वाटलं म्हणून टाळलं. ज्याच्या हातातून महिन्याला शेकडो तांब्याचे पैसे जातात त्याने ते दोकडे वजनावरूनच ओळखले असते.

पुढे काय झालं

त्रेपन्नातली शेहेचाळीस कुठली ते कळलं. नाणी विकली नाहीत, वाटली नाहीत. ताईने एक वही केली, प्रत्येक नाण्याचा फोटो, नंबर, वजन, काय वाचता येतं आणि काय नुसता अंदाज आहे ते वेगळ्या शाईने. वहीच्या तीन प्रती, एक न्यू जर्सीला, तिथे आता भिंतीवर चार दोकड्यांचा मोठा फोटो आहे, ज्याला कुठलाच कायदा लागू नाही. नाणी पीव्हीसी नसलेल्या पाकिटांत, सिलिका जेल टाकून, परत त्याच पितळी डब्यात, आणि डबा काकूंच्या कपाटात. संग्रहालयाचा विषय काकू असेपर्यंत बंद.

भाच्याने बडोद्याला जाऊन जुन्या दप्तरात पणजोबांच्या वडिलांच्या बदलीची नोंद मिळते का बघायचं ठरवलंय. पाच लाखाचं त्याने परत काढलं नाही, पण दर रविवारी विचारतो की उरलेल्या सातांचं काय. त्या सातातल्या एकावर कटार आहे की माशाचा काटा यावर आमचं अजून जमलेलं नाही, तो म्हणतो कटार, मी काहीच म्हणत नाही, काकू म्हणतात पुन्हा फिरवून बघा रे दोकड्यांनो.